दर वेळी शिपायानेच का बदलायचे?

‘काळ बदलला, युद्ध बदलले, आता फौजेनेही बदलले पाहिजे,’ हे वाक्य आजकाल सभेत, वर्तमानपत्रात, चहाच्या टपरीवर, सगळीकडे ऐकू येते. ते खोटे नाही. ड्रोनच्या जमान्यात घोडदळाचे पोवाडे गाऊन सीमा राखता येत नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. बदलाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लेख अर्धा वाचून लोक मोकळे होतात आणि लिहिणाऱ्याला जुनाट ठरवतात. माझे भांडण दुसरेच आहे. फौज बदलायची म्हटली की पहिला रंधा कोणावर फिरतो? बंगल्यावर पाटी असलेल्यावर, की बराकीत ट्रंक असलेल्यावर? आपल्या मराठी मुलखाचा अडीचशे वर्षांचा अनुभव एकच उत्तर देतो. शिपाई बदलतो, वरची बैठक तशीच राहते. आणि हार झाली की तिची मुळे बहुधा त्या वरच्या बैठकीतच सापडतात.

एवढ्या मोठ्या विषयावर राखोलीतल्या माणसाने का बोलावे, असे कोणी विचारील. सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, दमणगंगेच्या काठचे हे गाव. घरात मराठी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि पाड्यावर वारली-कोकणा, असा आमचा रोजचा व्यवहार. मी उभी हयात इथल्या कारखान्यांत हजेरी-पगाराच्या टेबलावर काढली. पण या गावातली पोरे पहाटे रस्त्यावर धावतात ती पहिल्या पाळीचा भोंगा गाठण्यासाठी नव्हे, भरतीसाठी. त्यांच्या आयांनी मला विचारले, ‘काका, चार वर्षांनी पोरगा परत आला की पुढे काय?’ या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी द्यायचे ते देत नाहीत, म्हणून हे लिहिणे आले.

शिवाय रचनेचा आणि मेळाचा धडा आमच्या अंगणातच घडला आहे. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली ती फौजेने नव्हे. भारत सरकारने सैन्य पाठवले नव्हते. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने २२ जुलैला दादरा घेतले; आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक अशा मंडळींनी २ ऑगस्टला सिल्वासा घेतले. झेंडे वेगळे, पुढारी वेगळे, मतभेदही होते. पण काम एक होते. सात वर्षांनी, १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे, इथून तासाभराच्या वाटेवरच्या दमणवर चाल करून गेली ती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, १७६८ साली उभारलेली ‘जंगी पलटण’. त्याच वेळी गोव्यात आणि दीवमध्ये लष्कर, नौदल, हवाई दल एकदमच उतरले होते. १९ तारखेला सगळे आटोपले. तिन्ही दलांचा मेळ बसला की काम किती लवकर होते, हे या मुलखाने डोळ्यांनी पाहिले आहे. मग तो मेळ कायमचा बसवायला पुढची साठ वर्षे का पुरली नाहीत?

आता दोन घड्याळे शेजारी ठेवून पाहू.

पहिले घड्याळ वरच्यांचे. १९९९ साली कारगिलमध्ये पहिल्याच दिवसांत घोळ झाला. लष्कराने लढाऊ हेलिकॉप्टरे मागितली. हवाई दल म्हणाले, आधी सरकारची मंजुरी आणा. यात मोलाचे दिवस गेले. युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांची समिती बसली. २००१ साली मंत्रिगटाने शिफारस केली की तिन्ही दलांवर एक संरक्षण दलप्रमुख, ज्याला आपण सीडीएस म्हणतो, तो असावा. तो नेमला गेला कधी? १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत यांनी सूत्रे घेतली. मधे एकोणीस वर्षे गेली! तेव्हा देशात तिन्ही दलांच्या मिळून सतरा स्वतंत्र कमांडी होत्या. लष्कराच्या सात, हवाई दलाच्या सात, नौदलाच्या तीन. त्या एकत्र करून संयुक्त थिएटर कमांडी उभ्या करायचे ठरले. २०२५ साल सरेपर्यंत त्यांतली एकही उभी राहिली नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महूच्या परिसंवादात हवाई दलप्रमुखांनी यात घाई नको, असे जाहीरपणे सांगितले. संयुक्त संघटनांच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचा अधिकार देणारा कायदासुद्धा २०२३ साली झाला आणि मे २०२४ मध्ये अमलात आला.

दुसरे घड्याळ खालच्याचे. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. २४ जूनला हवाई दलाची नोंदणी सुरूही झाली. दहा दिवस! सतरा-अठरा वर्षे जिथे शिपाई नोकरी करीत होता आणि पेन्शन घेऊन गावी येत होता, तिथे चार वर्षांची मुदत आली. चारांतला एक ठेवायचा, तिघांना घरी पाठवायचे.

आणि यातली सगळ्यांत बोलकी गोष्ट ही, की रावत साहेबांचे ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर अपघातात निधन झाले, तेव्हापासून ३० सप्टेंबर २०२२ पर्यंत, जवळजवळ दहा महिने, सीडीएसची खुर्ची रिकामी होती. शिपायाची सारी जिंदगी बदलणारा निर्णय झाला तो या रिकाम्या खुर्चीच्या काळात. त्याआधी काही आठवडे निवृत्त झालेले लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांच्या आठवणींतले उतारे डिसेंबर २०२३ मध्ये वृत्तपत्रांत आले. योजनेचे हे रूप लष्करालाही अनपेक्षित होते आणि नौदल-हवाई दलाला तर तो धक्काच होता, असा त्यांचा आशय होता. वरच्या माणसाला पद निर्माण करायला एकोणीस वर्षे, खालच्याला नोकरी गमवायला दहा दिवस. याला मी रचनेतला बदल म्हणत नाही. याला सोयीच्या जागी घाव घालणे म्हणतात.

गंमत पाहा. त्याच २०२० च्या जानेवारीत आमचेही विलीनीकरण झाले. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारीला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. राजधानी दमण. राखोलीचा माणूस मुकाट्याने बदलला. त्याला कोणी ‘घाई नको’ म्हणायची मुभा दिली नव्हती.

कोणी म्हणेल, हा आजचा राग झाला. तर मग इतिहासात जाऊ. तोही आपलाच.

महादजी शिंद्यांनी १७८४ च्या सुमारास द बॉइन्य या सावॉयच्या सरदाराला चाकरीस ठेवले आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. नुसत्या बंदुका आणल्या नाहीत. पगार नियमित केला, त्यासाठी दुआबातला मुलूख लावून दिला, जायबंदी शिपायाची सोय पाहिली. १७९० साली पाटण आणि मेडता इथे या पलटणींनी राजपूत घोडदळ मोडून काढले. म्हणजे हिंदुस्थानचा शिपाई नव्या पद्धतीला सरावला होता, तोही पाच-सहा वर्षांत. पण वर काय झाले? महादजी १७९४ साली वारले, द बॉइन्य पुढे युरोपला परतला आणि हुकमाची जागा पेराँसारख्या परक्यांच्या हातीच राहिली. १८०३ साली इंग्रजांशी गाठ पडली तेव्हा पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला, कित्येक गोरे अधिकारी पलटणी सोडून गेले. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावापाशी शिंद्यांच्या पलटणींनी आणि तोफखान्याने वेलस्लीचे दीड हजारांवर लोक मारले, जायबंदी केले. पण दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांचे प्रचंड घोडदळ जवळपास नुसते पाहत राहिले. होळकर तर त्या वर्षी युद्धात उतरलेच नाहीत. ते उतरले पुढच्या वर्षी, एकटे. १ नोव्हेंबरला लासवाडीला त्याच पलटणी, बहुतेक अधिकारी निघून गेलेले असताना, अशा लढल्या की जनरल लेकला त्यांच्या शौर्याची कबुली द्यावी लागली.

शिपाई बदलला होता. तोफखाना बदलला होता. बदलले नव्हते ते तीन सरदार. तिघांच्या तीन छावण्या, तीन खजिने, तीन रुसवे. शाळेच्या पुस्तकात आपण ‘मराठ्यांची शस्त्रे मागास होती’ असे शिकलो. असईच्या तोफा काही मागास नव्हत्या. मागास होती ती वरची बैठक, आणि तिची किंमत दिली पलटणीतल्या नाव नसलेल्या माणसाने.

दुसरा दाखला याहून कडू आहे. मुंबईच्या फौजेत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात ‘लढाऊ जाती’चा सिद्धान्त बोकाळला. परिस्थिती बदलली, आता फौजेला अमुकच जातीची माणसे हवीत, असे शास्त्र निघाले आणि १८९० नंतर महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः फौजेचे पेन्शनर. त्यांनी अर्ज केला, गाऱ्हाणे मांडले. दार उघडले नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली. युद्ध संपताच, १९२१ साली, मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यासाठी रेटा लावला होता. ते स्वतः सुभेदाराचे पुत्र. फौजेची भाकर बंद होणे म्हणजे घराची शाळा बंद होणे, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. गरज लागली की बोलवा, गरज सरली की घालवा, ही रीत तेव्हा परक्या सरकारची होती. आज सरकार आपले आहे. म्हणून तर अधिक बोचते.

आता माझ्या टेबलाकडे येतो. कारखान्यात मी दोन हजेरीपटांवर सह्या घेतल्या. कायम कामगारांचा एक, ठेक्याच्या माणसांचा दुसरा. सुताच्या यंत्रावर धागा तुटण्याआधी यंत्राचा सूर बदलतो. जुना कामगार तो सूर ऐकून हात पुढे करतो. ठेक्याच्या पोराला तो ऐकू येत नाही. पोर मठ्ठ असते म्हणून नव्हे. त्याला ते कोणी शिकवलेलेच नसते, कारण दिवाळीनंतर ते दिसेल की नाही याचीच खात्री नसते. जो टिकणार नाही त्याला कोणी हातचे राखून न ठेवता शिकवत नाही, आणि ज्याला टिकायचे नाही तो जीव तोडून शिकत नाही. फौजेतला नाईक, हवालदार, सुभेदार हा असाच वर्षानुवर्षे मुरतो. चार वर्षांतले पहिले सहा महिने प्रशिक्षणात जातात, शेवटचे वर्ष ‘मी त्या चारांतला एक ठरेन का’ या घोरात.

त्यात आणखी एक भर पडली. भरती ‘सर्व भारत, सर्व वर्ग’ या तत्त्वावर होईल असे योजनेत जाहीर झाले. मराठा पलटणीत मराठाच हवा, असे रडगाणे मी गाणार नाही. आपण सीमेवरची माणसे. बेळगाव, बिदर, कारवार, डांग, आमची हवेली, सगळीकडे आपण मिसळूनच जगतो. २०२५ मध्ये भरतीची लेखी परीक्षा तेरा भाषांत झाली, त्यांत मराठी आणि गुजराती दोन्ही होत्या, याचा मला आनंदच आहे. पण मिसळीचा अनुभव असलेला माणूस म्हणून एक सांगतो. एका तालुक्याच्या, एका बोलीच्या पोरांचा जीव चार दिवसांत जुळतो. दहा प्रांतांच्या पोरांचा जुळायला वेळ लागतो. ज्या योजनेने तयार जिव्हाळा काढून घेतला, तिने नवा जिव्हाळा जुळायला अधिक वर्षे द्यायला हवी होती. तिने वर्षेही काढून घेतली. दोन्ही वासे एकदम काढल्यावर छप्पर कशावर उभे राहणार?

विरोधी पक्षाचे म्हणणे मला ठाऊक आहे, आणि त्यात तथ्यही आहे. फौज तरुण हवी. सरासरी वय ३२ वरून २६ वर आणायचे, असे सरकारने सांगितले. बरोबर. पेन्शनचा बोजा वाढतो, मग तोफांना पैसा कुठून? तेही बरोबर. पण कारगिल समितीनेच यावर तोड सुचवली होती. शिपायाची नोकरी १७ वर्षांवरून ७ ते १० वर्षांवर आणा आणि पुढे त्याला निमलष्करी दलांत घ्या, असे तिने म्हटले होते. आपण अर्धी शिफारस उचलली, तीही कापून चार वर्षांची केली, आणि पुढच्या नोकरीच्या हक्काऐवजी टक्केवारी दिली. २०२२ मध्ये केंद्रीय दलांत १० टक्के राखीव जागा जाहीर झाल्या. पुढे काही ठिकाणी प्रमाण वाढवलेही. पण राखीव जागा म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी, नोकरी नव्हे.

पैशाची काटकसर करायची असेल तर वाट होती. लेफ्टनंट जनरल दत्तात्रय शेकटकर यांच्या समितीने लढणाऱ्या हातांच्या मागची अवाढव्य शेपटी कशी छाटावी हे दाखवले होते. २०१७ साली ६५ शिफारशी मान्य झाल्या, ५७ हजार अधिकारी, जवान आणि नागरी कर्मचारी पुन्हा नेमायचे ठरले, लष्करी गोशाळा बंद करायचे ठरले. शेपटी छाटण्याला कोणाचा विरोध असणार? तो रस्ता शेवटपर्यंत चाला आणि मग शिपायाच्या भाकरीकडे वळा.

आणि ‘अकरा लाख एकाहत्तर हजार मिळतात की!’ असे म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे, की त्या सेवा निधीतला मुलाचा वाटा त्याच्याच पगारातून दरमहा तीस टक्के कापून घेतलेला असतो.

जगात काय झाले? अमेरिकेने १९८० साली इराणमधल्या ओलिसांच्या सुटकेत हात पोळून घेतले. १९८६ साली त्यांच्या संसदेने कायदाच केला, की दुसऱ्या दलाबरोबर संयुक्त काम केल्याशिवाय जनरल होता येणार नाही. म्हणजे बदलाची सुरी आधी बढतीच्या यादीवर चालवली. चीनने २०१६ च्या फेब्रुवारीत सात लष्करी विभाग मोडून पाच थिएटर कमांडी केल्या. चीनचे सगळेच उचलावे असे नाही. पण बदलाची सुरुवात कोणत्या पायरीवरून करायची, एवढे तरी पाहावे.

२०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी चकमक झाली. ड्रोन आले, ते पाडलेही गेले. हवाई संरक्षणाच्या तोफांवर अग्निवीरांनी काम चोख बजावले, अशा बातम्या आल्या. यावर अग्निपथचे समर्थक म्हणाले, पाहा! मीही तेच म्हणतो, पाहा! पोरे इतकी चांगली आहेत तर चारांतली तीन घरी का पाठवता? पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. रडारच्या पडद्यावर डोळा बसलेला, गोळीचा आवाज पचवलेला एकवीस-बावीस वर्षांचा जवान सुरक्षारक्षकाच्या गणवेशात कारखान्याच्या फाटकावर उभा राहिला, तर तोटा त्या पोराचा की देशाचा?

आणि शेवटचा मुद्दा मानाचा. योजनेच्या अटींप्रमाणे चार वर्षांनी परतणाऱ्याला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही, कँटीन नाही आणि ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नाही. पैशाचे एक वेळ बाजूला ठेवू. ज्याने गणवेश घातला, बर्फात पहारा दिला, तो परत आल्यावर माजी सैनिक नसेल, तर मग तो माजी कोण? गावच्या झेंडावंदनाला त्याला कोणत्या रांगेत उभे करायचे?

वाचकहो, सीमेवरच्या जिल्ह्यांत आपल्या आवाजाला वजन कमी असते. दोन राज्ये आपल्याकडे पाहतात आणि दोन्ही आपल्याला दुसऱ्याचे समजतात. पण भरतीच्या मैदानावर आपली मुले कधी मागे राहिली नाहीत. म्हणून मागण्या आपणच मांडू, आणि त्या साध्या आहेत. तिन्ही दलांच्या संयुक्त कमांडींना संसदेने मुदत घालून द्यावी आणि ती मुदत चुकली तर जाब वरच्या खुर्चीला विचारावा. शिपायाची मुदत कारगिल समितीने म्हटल्याप्रमाणे किमान सात वर्षे करावी आणि पुढची नोकरी राखीव टक्क्यांत नव्हे, कायद्याने हक्क म्हणून द्यावी. आणि एक दिवस जरी मुदत पुरी करून सन्मानाने परतला, तरी त्याला माजी सैनिक म्हणावे. या तिसऱ्या मागणीला तर फारसा खर्चही नाही.

हे ग्रामसभेच्या ठरावात घाला. खासदार मत मागायला आला की त्याच्यापुढे ठेवा, मराठीत ठेवा, गुजरातीत ठेवा, कन्नडात ठेवा. फौज बदलू द्या, जरूर बदलू द्या. मात्र पुढचा बदल जाहीर होईल त्या दिवशी पहिला प्रश्न हाच विचारा, की या वेळी जनरल साहेबांचे काय बदलले? त्याचे उत्तर मिळेपर्यंत आपल्या पोरांना बदलायला सांगण्याचा अधिकार कोणाला नाही.